काकांचा वरचा सूर

ट्रम्पेटमधून गळतं ते थुंकी नव्हे, ती श्वासाची वाफ, थंड पितळेला लागून तिचं पाणी होतं, असं हे वाद्य वाजवणारा कोणीही शपथेवर सांगतो. पिपाणीसुद्धा सांगायची. पण तिला स्वतःला ते कधी पटलं नव्हतं. तोंडातून निघालेली वस्तू ती तोंडातूनच निघालेली, मग तिला वाफ म्हणा नाहीतर अत्तर म्हणा. नळीच्या खालच्या अंगाला एक छोटीशी चावी असते, ती दाबून फुंकलं की साचलेलं पाणी बाहेर पडतं. बाकीचे सगळे ते बिनदिक्कत पाडायचे, फरशीवर, सतरंजीवर, शेजाऱ्याच्या बुटापाशी. पिपाणी पायाशी स्वच्छ धुतलेला रुमाल अंथरायची आणि घरी आल्यावर तो उकळत्या पाण्यात टाकायची. ही किळस तिच्याकडे आईकडून आली होती. आई एका रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होती. माणसं चादरींवर काय काय सोडून जातात ते तिने वीस वर्षं पाहिलं होतं.

पिपाणी हे नाव मात्र बाबांनी ठेवलेलं. बाबा प्लंबर. अकरा वर्षांच्या मुलीने शाळेच्या बँडमधलं पोचे आलेलं ट्रम्पेट घरी आणलं तेव्हा त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, एका डोळ्याने आत डोकावले आणि म्हणाले, "फिटिंग चांगलं आहे. पण यातून पाणी येणार की आवाज?" पुढचे सहा महिने त्यातून जे काही आलं त्यावरून घरात नाव पडलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. शेजारच्यांनी भिंतीवर किती वेळा थापा मारल्या याचा हिशेब नाही. बाबा ढिम्म. मुलीला उभं राहून वाजवायला जागा हवी म्हणून त्यांनी स्वतःचा अवजारांचा फळकुटाचा कपाटकोपरा रिकामा करून दिला, पान्हे आणि वायसर पलंगाखाली सरकवले.

ती शिकली. संगीतविद्यालयात पाच वर्षं, रोज सहा-सहा तास, ओठांवर गोल वळ उठेपर्यंत. वरचा ओठ सुजून इतका यायचा की शब्द जड निघायचे आणि बसमध्ये लोकांना वाटायचं, पोरगी मार खाऊन आली आहे. तेविसाव्या वर्षी शहराच्या मोठ्या वाद्यवृंदात दुसऱ्या ट्रम्पेटची जागा निघाली. अशी जागा पंधरा-वीस वर्षांतून एकदा निघते, कारण बसलेला माणूस एकतर निवृत्त व्हावा लागतो नाहीतर मरावा लागतो. परीक्षा पडद्याआडून होती. वाजवणारा कोण हे परीक्षकांना कळू नये म्हणून बूटसुद्धा बाहेर काढायला लावले. त्रेचाळीस जण आले होते. पिपाणीने पायमोज्यांत उभं राहून वाजवलं आणि जागा तिला मिळाली.

मिळाली म्हणजे वर्षभरासाठी मिळाली. वर्ष संपलं की तिच्या आजूबाजूला बसणारे वादक एकेका कागदावर आपलं मत लिहिणार, ते कागद कचेरीत जाणार आणि मग तिला कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरणार. बाबांनी घरी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की मुलगी लागली. आईने फक्त विचारलं, "वर्षभर नीट वाजवलं की झालं ना?"

"झालं," पिपाणी म्हणाली.

वाद्यवृंदाचं सभागृह बाहेरून संगमरवरी होतं. वादकांची खोली तळघरात होती आणि ती कशाचीच नव्हती. एकच झरोका, तोही जमिनीला टेकलेला, त्यातून रस्त्यावरच्या लोकांचे घोटे दिसायचे. भिंतीला लागून वाद्यांच्या पेट्या, पेट्यांच्या आत ओलसर मखमल, आणि या सगळ्यावर वंगणाचा, जुन्या श्वासाचा आणि न धुतलेल्या काळ्या कोटांचा मिळून एक वास. वरती झुंबरं लखलखायची आणि खाली बेसिनच्या जाळीत कोणाचे तरी केस अडकलेले असायचे. पिपाणीने पहिल्याच आठवड्यात घरून घासणी आणून ते बेसिन घासलं. त्यावर सगळे हसले. पुढच्या सोमवारी जाळीत पुन्हा केस होते.

तिथे माणसाला खुर्चीवरून ओळखत. पिपाणी तिथे "दुसरी" झाली. दुसऱ्याने खालची ओळ धरायची, पहिल्याने वरची. पहिला ट्रम्पेट मात्र खुर्चीच्या पलीकडे गेलेला होता. त्याला सगळे काका म्हणत. चाळीस वर्षं ते त्या एकाच खुर्चीत बसत होते. सभागृहाच्या दारावरच्या जाहिरातीत त्यांचा फोटो होता, गाल फुगवलेले, डोळे मिटलेले, कपाळावर चांदीची बट. त्यांचा वरचा सूर ऐकायला लोक परगावाहून येतात असं म्हणत. पिपाणीनेही विद्यार्थी असताना सर्वांत वरच्या माळ्यावर उभं राहून तो ऐकला होता आणि घरी येऊन तीन दिवस कोणाशी बोलली नव्हती.

जवळून पाहिलेले काका वेगळे होते. त्यांच्या पायाशी एक फडकं असायचं, एकेकाळी पिवळं असावं. ते कधी कोणी धुतलेलं नव्हतं. तालमीला बसण्याआधी काका एका डबीतलं मलम बोटाने ओठांना चोळत, आतून-बाहेरून, अगदी हिरड्यांपर्यंत, आणि मग त्याच बोटाने शेजारच्याच्या गालावर टिचकी मारत. शेजारी आता पिपाणी होती. "काय बाळ, जेवलीस का?" टिचकी. गालावर थंड, गुळगुळीत काहीतरी राहायचं. पिपाणी हसायची आणि ते पुसायला हात उचलायची नाही, कारण काकांचंही मत कागदावर जाणार होतं. मध्यंतर झालं की ती धावत बेसिनकडे जायची.

तरीही एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. अस्वच्छ माणूस वाईट असतो असं नाही.

तिसऱ्या महिन्यात काकांनी तिला तालमीनंतर थांबवून घेतलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी तोंड उघडून वरच्या पुढच्या दोन दातांना अंगठ्याने धक्का दिला आणि ते दात हलले. नकली होते, आणि खालचं हाड झिजल्यामुळे बसत नव्हते. ट्रम्पेट वाजवणाऱ्याच्या बाबतीत हे पाय तुटल्यासारखं आहे. खालचे सूर नुसत्या ओठांवर निघतात, पण वरच्या सुराला वाद्य पुढच्या दातांवर रेटावं लागतं. रेटायला दातच नसले तर सूर फाटतो.

"सव्वा वर्ष राहिलंय बाळ माझं," काका म्हणाले. "अब्रूने घरी जाऊ दे. सगळं नाही म्हणत मी. शेवटच्या भागातले ते वरचे तीन सूर आहेत ना, तेवढे तू घे. मी वाद्य तोंडाला लावतो. लोकांना काय कळतंय?"

पिपाणीला वाईट वाटलं. खरंच वाटलं. चाळीस वर्षं एकाच गोष्टीवर जगलेला माणूस तोंडात बोट घालून तिच्यापुढे उभा होता. ती म्हणाली, "घेते ना काका. पण मग त्या वेळी माझा खालचा सूर तुम्ही घ्या. नाहीतर माझी ओळ रिकामी राहील."

काकांचा चेहरा उतरला नाही, चढला. "मी? मी दुसरा वाजवू?"

"तीनच सूर काका."

"चाळीस वर्षांत मी दुसऱ्याची ओळ वाजवली नाही बाळ, आता वाजवणार नाही. काहीतरी मानमरातब असतो की नाही माणसाला?"

इथे वाचणाऱ्याने जरा थांबावं. या माणसाला दुसऱ्याचा सूर स्वतःच्या नावावर खपवायला लाज नव्हती, पण खालची ओळ वाजवायला होती. नुसतं पितळ तोंडाला लावून गाल फुगवणं मानाचं आणि खरा, साधा, खालचा सूर काढणं अपमानाचं! पिपाणीलाही हे त्याच क्षणी खटकलं. पण नाही म्हणायला जे लागतं ते तिच्याकडे अजून नव्हतं. ती वर्षाच्या बोलीवर होती.

तिनाचे सहा झाले, सहाचे बारा. हिवाळा येईपर्यंत काकांचं असं एकही काम उरलं नाही ज्यात वरची बाजू पिपाणी वाजवत नव्हती. काका अभिनयात मात्र पक्के होते. श्वास घेताना खांदे उचलत, सूर चढला की भुवया चढवत, सूर सुटला की डोळे मिटून मान किंचित हलवत, जणू जिवाचं पाणी केलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत. संचालक, म्हणजे काठी घेऊन पुढे उभे राहणारे गृहस्थ, हाताने काकांकडे खूण करत. काका उठत, छातीवर हात ठेवून वाकत. पिपाणी बसून राहायची. ओठ तिचे ठणकत असायचे.

एकदा वर्तमानपत्रात आलं की वय वाढतं तसा काकांचा सूर तरुण होत चालला आहे. काकांनी ते कात्रण तिला दाखवलं. त्यांना त्यात काही गैर वाटत नव्हतं हे तिला सर्वांत जास्त झोंबलं. "बघ काय लिहिलंय," ते खुशीत म्हणाले. "तुझ्यासाठी पण एक प्रत आणली आहे." आणि गालावर टिचकी.

त्या दिवशी घरी तिने सगळं ओकून टाकलं. बाबा भिंतीतला नळ दुरुस्त करून आले होते, नखांत पांढरं सिमेंट होतं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे बघ, माझ्याही धंद्यात मी नळ बसवतो आणि बिल्डर फोटो काढून घेतो. आता नऊ महिने झाले, तीन राहिले. तोंडाला कुलूप लाव. कायम झालीस की मग काय बोलायचं ते बोल."

"आणि तोवर?"

"तोवर वाजव. वाजवतेच आहेस ना?"

आई भांडी विसळत होती. ती मागे न वळता म्हणाली, "घाण आपली नसली तरी हात आपले बरबटतात. त्याला उद्याच नाही म्हणून सांग."

"तुला काय जातंय बोलायला," बाबा म्हणाले. "नोकरी तिची जाईल."

पिपाणीने बाबांचं ऐकलं. सोपं होतं म्हणून ऐकलं, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं, आणि त्या क्षणापासून तिच्या किळसेत तिचाही वाटा पडला. आधी ती काकांचं बोट गालावरून धुवायची. आता आरशासमोर उभी राहून ओठच धूत बसायची.

अकराव्या महिन्यात ट्रोम्बोनवाल्याने तिला जिन्यात गाठलं. लांब सरकत्या नळीचं ते वाद्य घेऊन हा तिच्या बरोबर मागे बसायचा. मोठा धिप्पाड, तोंडाचा फटकळ, मनाचा साफ. मागे बसणाऱ्याला पुढच्या दोघांच्या नुसत्या पाठी दिसतात, वरचा सूर कोणत्या पाठीकडून आला ते त्याला कळत नाही. पण खालचा सूर आला नाही हे मात्र त्याला लगेच कळतं, कारण तो स्वतःचा सूर त्यावर टेकवतो.

"राग मानू नकोस," तो म्हणाला, "पण तुझे खालचे सूर जातात कुठे गं? ऐन मोक्याला खाली कोणीच नसतं. मला दर वेळी अंधारात पायरी शोधल्यागत होतं. मी कागदावर लिहिणार आहे. आणि मी एकटाच नाही."

पिपाणी काय सांगणार? इतके महिने ती त्या वाद्यवृंदातलं सगळ्यात अवघड काम करत होती, आणि नेमकं त्याच कारणाने सगळे लिहिणार होते की हिला साधं कामही जमत नाही. परीक्षेला तिने खालचे सूर इतके भरीव लावले होते की पडद्यामागून कोणीतरी "वा" म्हणालं होतं. ते सूर तिने आठ महिने वाजवलेलेच नव्हते.

चाचणीच्या वर्षातला शेवटचा कार्यक्रम रविवारी दुपारी होता. गुरुवारी ती काकांना म्हणाली, "काका, रविवारी मी माझी ओळ वाजवणार आहे. फक्त माझी."

तिला वाटलं होतं ते चिडतील, गयावया करतील. काकांनी मान डोलावली. "अगदी बरोबर आहे बाळ तुझं. तू तुझंच वाजवायला हवंस. वरचा मी घेतो ना. इतकी वर्षं कोण घेत होतं?"

शुक्रवारी आणि शनिवारी त्या तळघरातल्या बंद दारामागून तिने त्यांना सराव करताना ऐकलं. श्वास, धडपड, फाटलेला आवाज, खोकला, पुन्हा श्वास. ती जिन्यावर बसून राहिली. दार उघडून आत जावं आणि म्हणावं, असू दे काका, घेते मी, असं तिला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा ती उठलीसुद्धा. मग दार उघडलं, काका बाहेर आले, घामाने डबडबलेले, आणि तिला पाहून त्यांचा चेहरा ताबडतोब बदलला, भुवया वर, ओठांवर ते स्टेजवरचं हसू. "जमतंय!" ते म्हणाले. रिकाम्या जिन्यातही हा माणूस खरं बोलू शकत नव्हता. तिची दया जागच्या जागी आटली.

रविवारी सभागृह भरलं होतं. पिपाणीने आपली ओळ वाजवली, पहिल्या पानापासून, सगळी. मागून ट्रोम्बोनवाल्याचा सूर येऊन तिच्या सुरावर असा निवांत टेकला की तिला नऊ महिन्यांत पहिल्यांदा आपण नोकरीवर आहोत असं वाटलं. मग शेवटचा भाग आला. सगळी वाद्यं थांबतात आणि दुसऱ्याच्या खालच्या सुराच्या आधाराने पहिलं ट्रम्पेट एकटं वर चढतं, तिथे तिने वाद्य उचललं, खालचा सूर लावला आणि धरून ठेवला. शेजारी काकांनी खांदे उचलले.

पाणी गेलेला नळ सोडल्यावर जसा खाकरतो तसा आवाज आला. मग काहीच नाही. मग एक बारीक, ओला, लाजिरवाणा फुसका.

अशा वेळचा या धंद्यात एक अलिखित नियम आहे आणि तो जगात सगळीकडे पाळतात. कोणाचं चुकलं तर त्याच्याकडे बघायचं नाही. शेजाऱ्याच्या हातून वाद्य पडलं तरी मान हलवायची नाही, डोळे समोरच्या कागदावर. कारण श्रोत्यांना सूर कोणाचा ते कळत नाही, मान कुठे वळली ते कळतं. पिपाणी समोर बघत राहिली. तिने काकांना तेवढी सावली दिली.

आणि काकांनी मान वळवली. घाईने नाही, सावकाश, सगळ्या सभागृहाला दिसेल अशी. भुवया उंचावून त्यांनी पिपाणीकडे पाहिलं, जणू विचारत होते, हे काय केलंस बाळ? मग त्यांनी क्षमा केल्यासारखं हसून तिच्या गुडघ्यावर थोपटलं. पहिल्या रांगेतली एक बाई हळहळली. लोकांनी काकांना उठून टाळ्या दिल्या, नेहमीपेक्षा जास्त, कारण आज त्यांच्यावर अन्याय झाला होता.

पिपाणी तशीच खुर्चीत बसून होती. तिचा सूर, खालचा, शेवटपर्यंत न डगमगलेला, त्या गदारोळात कोणाच्या लक्षातही आला नव्हता.

मंगळवारी कचेरीत बोलावणं आलं. टेबलामागे व्यवस्थापक बाई, बाजूच्या खुर्चीत संचालक, आणि खिडकीपाशी काका, विभागाचे प्रमुख म्हणून. संचालक चहात बिस्कीट बुडवून खात होते. बिस्कीट मऊ होऊन कपात पडलं की ते बोटाने काढत आणि बोट चाटत. बाईंनी कागद वाचले. खालचे सूर ऐकू येत नाहीत. ऐन वेळी गैरहजर. रविवारी जाहीर चूक. "एरवी यावर आम्ही नाहीच म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "पण काकांनी तुझ्यासाठी शब्द टाकलाय. सहा महिने आणखी बघू म्हणतात."

सहा महिने. काकांच्या निवृत्तीला बरोबर सहा महिने उरले होते. पिपाणीच्या डोक्यात ते दोन सहा एकमेकांना येऊन भिडले आणि तिचं सगळं अंग तापलं.

"नऊ महिने वरचा सूर मी वाजवतेय," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "काकांना दात नाहीत. ते नुसते गाल फुगवतात. माझी ओळ रिकामी राहते कारण मी त्यांची वाजवते. रविवारी मी नाही चुकले. ते चुकले. विचारा त्यांना. आत्ता इथे एक सूर लावून दाखवायला सांगा!"

ती थांबली. आता काहीतरी होईल असं तिला वाटलं. खुर्ची सरकेल, कोणीतरी "काय?" म्हणेल. बाईंनी कागद एकावर एक नीट लावले. संचालकांनी कप खाली ठेवला.

"मग?" संचालक म्हणाले. "मला ऐकू येत नाही असं वाटलं तुला? मी पुढे उभा असतो. डावीकडची तुतारी कोणती आणि उजवीकडची कोणती हे मला कळत नसेल तर मी तिथे काठी घेऊन काय माश्या मारतो?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. छान वाजवतेस."

ते कौतुकच होतं. वर्षभरात तिला मिळालेलं पहिलं.

व्यवस्थापक बाई समजावणीच्या सुरात आल्या. "हे बघ, काकांचा निरोपाचा दौरा ठरलाय. जाहिराती लागल्या आहेत. लोक काकांना ऐकायला येणार. तुला आज कायम केलं तर तुझ्या करारात दुसरा ट्रम्पेट एवढंच असेल. मग तू रविवारसारखं कधीही नाही म्हणू शकशील आणि आम्ही काही करू शकणार नाही. म्हणून सहा महिने. मग कायम. माझा शब्द आहे."

"आणि या कागदांचं काय? यात लिहिलंय ते खोटं आहे."

"खोटं कसं? खालचे सूर ऐकू आले नाहीत, हे खरंच आहे ना?" बाईंनी शांतपणे विचारलं. "या मुदतवाढीवर सही करायची नसेल तर तसं सांग. त्या दिवशी परीक्षेला त्रेचाळीस जण होते."

काका खिडकीतून वळले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते खरंच भरून आले होते, हे सगळ्यात वाईट. "मी वाईट माणूस नाही बाळ," ते म्हणाले.

पिपाणीने तिघांकडे पाहिलं. ओली बोटं, नीट लावलेले कागद, भरलेले डोळे. तिला वाटलं, उठावं, दार आपटावं, या तिघांना त्या फडक्यासकट सोडून द्यावं. तिला घर दिसलं. रिकामा केलेला कोपरा आणि पलंगाखालचे पान्हे दिसले. त्रेचाळीस जण पायमोज्यांत रांगेत उभे दिसले, आणि त्यातला प्रत्येक जण ही सही आनंदाने करेल हे तिला कळलं. तिने पेन घेतलं. सही वेडीवाकडी यावी अशी तिची फार इच्छा होती. ती नेहमीसारखी नीट उठली.

घरी बाबांनी सुस्कारा सोडला. "सहा महिनेच ना? बघता बघता जातील." आईने विचारलं, "त्यांना सगळं माहीत होतं आणि तरी तू सही केलीस?" पिपाणी हो म्हणाली. आईने तिचं ताट वाढलं, समोर ठेवलं आणि स्वतःचं घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन जेवली. असं तिने आजवर कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौऱ्याची पहिली तालीम होती. पिपाणी वेळेवर आली. काकांनी मलमाची डबी बंद केली, खुर्ची जरा तिच्या बाजूला सरकवली आणि कानाशी वाकून म्हणाले, "बाळ, एक सांगू का? रागावू नकोस. वरचा सूर हल्ली तू फार तरुण लावतेस. पेपरवाल्यांनीसुद्धा हेरलं. जरा कापरा घे, सुटताना थोडा दमलेला. माझ्या वयाला शोभला पाहिजे."

संचालकांनी काठी उचलली. सगळी वाद्यं थांबली. पिपाणीने श्वास घेतला आणि एका म्हाताऱ्या माणसाचा सूर लावला. सुरुवातीला किंचित चाचरणारा, मग सगळं बळ एकवटून वर चढणारा, वर पोहोचल्यावर बारीक कापणारा, आणि सुटताना थकलेला. तिला तो कोणी शिकवला नव्हता. वर्षभर शेजारी बसून तिला तो पाठ झाला होता, काकांना यायला हवा होता तसाच, आणि तो तिने आजवर लावलेला सर्वांत सुंदर सूर होता. काकांनी डोळे मिटून मान हलवली.

मागून ट्रोम्बोनवाला भारावून पुटपुटला, "वा काका! याला म्हणतात सूर." मग तिच्या खुर्चीच्या पाठीला गुडघ्याने हलकेच ढोसून म्हणाला, "दुसरी, शिक काहीतरी."

पिपाणीला मळमळून आलं. घशापर्यंत आलेलं ते तिने गिळलं, कारण पुढच्या ओळीत पुन्हा वरचा होता.